उड्डाणे थांबली असता वैमानिकाने काय करावे?

चैत्री पौर्णिमेस जोतिबाचा डोंगर कसा दिसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयाची गरज नाही. उंच सासनकाठ्या, दवण्याचा वास, गुलालाने लाल झालेल्या पायऱ्या आणि ‘चांगभलं’चा गजर ह्यांची ओळख त्यांपैकी बहुतेकांस वडिलांच्या खांद्यावर बसून झालेली असते. परंतु ह्या उत्सवाची दुसरी एक बाजू आहे व तिच्याकडे यात्रेकरूंचे लक्ष सहसा जात नाही. वाडी रत्नागिरीतील गुरव, नारळ व गुलाल विकणारे, खोल्या भाड्याने देणारे, वडाप चालविणारे अशा कित्येक घरांचा वर्षाचा हिशेब ह्या एका यात्रेवर आणि माघातील रविवारच्या खेट्यांवर उभा असतो. सन २०२० च्या मार्चात साथीमुळे देवालय भाविकांस बंद झाले. त्या चैत्रात यात्रा भरली नाही, पुढच्या चैत्रातही भरली नाही, आणि २०२२ च्या एप्रिलात ती पुन्हा पूर्वीसारखी भरली.

त्याच चैत्रात डोंगरावरचे आकाशही रिकामे होते. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली, आणि ती पुन्हा उडू लागल्यावरही आधीच्या मानाने फारच थोडी उडत. मोठमोठ्या कंपन्यांनी वैमानिकांचे वेतन कापले, कोणास महिन्यातील काही दिवस, तर कोणास कित्येक महिने बिनपगारी रजेवर पाठविले. एअर इंडियाने जुलै २०२० मध्ये सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत लांबविता येईल, अशा बिनपगारी रजेची योजनाच काढली.

गुरव आणि वैमानिक ह्यांना एका ओळीत बसविलेले पाहून कोणी हसेल. आम्ही त्यांस मुद्दाम एकत्र आणिले आहे, कारण त्यांच्यातील एक भेद फार महत्त्वाचा आहे. दोन वर्षे यात्रा भरली नाही म्हणून गुरवाची वहिवाट बुडत नाही व पूजेचा विधी त्याच्या हातून विसरला जात नाही. वैमानिकाचा परवाना मात्र वापराविना पडून राहिला म्हणजे दूध नासावे तसा नासू लागतो. म्हणून उड्डाणे थांबलेल्या वैमानिकापुढे ‘आता पोट कशावर भरावे’ एवढाच प्रश्न नसतो. पोट भरीत असता परवाना जिवंत कसा ठेवावा, हा दुसरा प्रश्न त्याच्या जोडीस उभा असतो. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेस ओढतात. ती ओढाताण कशी होते आणि तीत कोणते मार्ग उपलब्ध असतात, हे समजावून सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९३९ साली अस्तित्वात आला. मध्यंतरी कित्येक वर्षे उजळाईवाडीच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी विमान उतरत नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा पुन्हा चालू झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाने ‘स्टार एअर’ ही कंपनी काढिली. मार्च २०२४ मध्ये विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. मुलांनी विमान पाहावे आणि ‘मी वैमानिक होणार’ असे घरी येऊन सांगावे, हा प्रसंग आता पन्हाळा तालुक्यातील खेड्यातही नवलाचा राहिलेला नाही. त्या मुलांस परावृत्त करावे असे आमच्या मनात नाही. ज्या वाटेने जावयाचे तिच्यावर पाणी कोठे आहे आणि उतार कोठे आहे, हे आधी ठाऊक असावे इतकेच.

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजी देशांत अशा सक्तीच्या रजेस ‘फर्लो’ म्हणतात. हा शब्द मराठी वाचकांस अगदी नवा नाही. जुन्या काळी सरकारी नोकर व पलटणीतील लोक ‘फर्लो’वर घरी येत, आणि हल्ली तो तुरुंगातील बंद्यांच्या रजेसंबंधाने वर्तमानपत्रांत आढळतो. मूळ शब्द डच भाषेतील असून त्याचा अर्थ ‘परवानगी’ असा आहे. अमेरिकेतील वैमानिकांच्या बाबतीत त्यास ठरीव अर्थ आलेला आहे. तेथे कंपनीतील प्रत्येक वैमानिकाचा ज्येष्ठतेचा क्रमांक असतो. काम घटले म्हणजे सर्वांत शेवटी लागलेला मनुष्य सर्वांत आधी रजेवर जातो, आणि काम वाढले म्हणजे त्याच यादीच्या क्रमाने बोलावणे येते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सरकारी मदतीची मुदत संपताच अमेरिकन आणि युनायटेड ह्या दोन कंपन्यांनी मिळून सर्व प्रकारच्या सुमारे ३२,००० नोकरांस अशा रजेवर पाठविण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे बोलावण्याच्या अशा यादीची परंपरा रुजलेली नाही. येथे रजा बहुधा कंपनीच्या मर्जीवर चालते. आणि कंपनीच बुडाली तर बोलावणार तरी कोण?

आता परवाना नासतो म्हणजे काय होते ते पाहू. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यास बारावीपर्यंत भौतिकशास्त्र व गणित झालेले असावे लागते, वयाची अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात आणि २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. पुढे विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्यास १,५०० तास लागतात. परंतु हे तास एकदा जमविले म्हणजे काम संपले असे नाही. प्रवासी घेऊन उडावयाचे तर मागील ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उचललेले व तीन वेळा उतरविलेले असावे लागते. शिवाय दर सहा महिन्यांनी परीक्षकासमोर कसोटी द्यावी लागते, ठरलेल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, आणि ज्या जातीचे विमान चालवावयाचे त्या जातीचे वेगळे शिक्षण झालेले असावे लागते. बोइंग ७३७ चालविणारा मनुष्य एअरबस ए-३२० मध्ये बसून लगेच ते उडवू शकत नाही. नोकरीत असताना हा सर्व खर्च कंपनी सोसते. नोकरी थांबली की तो खर्च वैमानिकाच्या अंगावर येतो, आणि तोही अशा वेळी, की जेव्हा घरात पैसा येणे बंद झालेले असते.

उड्डाणे थांबण्याचेही दोन प्रकार आहेत. ते वेगळे ओळखिले पाहिजेत. एका प्रकारात एकच कंपनी बसते, पण आकाश चालू असते. किंगफिशर कंपनी २००५ साली सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १९९३ पासून उडत होती. तिच्यापाशी शंभरांहून अधिक विमाने होती, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचे शेवटचे उड्डाण झाले. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणे थांबविली. तिची निम्मी विमाने इंजिनांच्या अभावी आधीच उभी होती. ह्या तिन्ही वेळी प्रवासी नाहीसे झाले नव्हते. ते दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत जाऊन बसले. म्हणून वैमानिकासही त्यांच्या मागोमाग जाता आले. जेटची कित्येक बोइंग ७३७ विमाने स्पाइसजेट आणि विस्तारा ह्यांनी घेतली, आणि ती चालविण्यास त्याच विमानाचे शिक्षण झालेले वैमानिक हवेच होते. गो फर्स्टची विमाने एअरबस ए-३२० जातीची होती, आणि त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली होती. तेव्हा त्या वैमानिकांस वाट लवकर सापडली. अशा बदलीत हानी होत नाही असे मात्र नव्हे. नव्या घरी ज्येष्ठता तळापासून मोजली जाते. कोणास पूर्वीपेक्षा कमी वेतन घ्यावे लागते, आणि विमानाची जात बदलली तर कप्तानास उजव्या बाजूच्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिक होऊन बसावे लागते.

दुसऱ्या प्रकारात सर्व आकाशच थांबते, जसे २०२० मध्ये थांबले. तेव्हा ह्या कंपनीतून त्या कंपनीत जाण्यात अर्थ नसतो, कारण सर्वांच्या दारास एकच कुलूप असते. अशा वेळी विमानविद्येतील इतर कामांकडे, नाहीतर अगदीच बाहेरच्या कामांकडे वळावे लागते. आमच्या मते बिनपगारी रजेवरील वैमानिकाने सर्वांत आधी हेच ठरवावे, की आपण कोणत्या प्रकारात सापडलो आहो. पहिल्या प्रकारात दम धरून, परवाना ताजा ठेवून दुसरीकडे अर्ज करणे शहाणपणाचे. दुसऱ्या प्रकारात केवळ दम धरणारा मनुष्य कर्जात बुडतो.

आता कामांविषयी. परवान्यास सर्वांत पोषक काम म्हणजे उडावयास शिकविणे. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर येथे वैमानिक तयार करणाऱ्या संस्था आहेत. शिकविणारा स्वतः विमानात बसत असल्यामुळे त्याच्या वहीत तास चढत जातात आणि हात मोडत नाही. परंतु दोनशे माणसांचे विमान चालविणाऱ्यास दोन किंवा चार माणसांच्या एका इंजिनाच्या विमानाची सवय पुन्हा करावी लागते, आणि शिक्षकाचा वेगळा दाखला मिळवावा लागतो. शिक्षकांच्या जागाही फार नसतात. ज्याने हा दाखला नोकरी चालू असतानाच, सुट्ट्या खर्चून मिळविला असेल, त्यास आपत्तीच्या दिवशी त्याचा उपयोग होतो. आपत्ती आल्यावर तो मिळवू पाहणारा रांगेत शेवटी उभा राहतो.

ह्याहून सुलभ मार्ग म्हणजे जमिनीवरील शिक्षण. परवान्याच्या परीक्षेस हवाई दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाची रचना असे विषय असतात व नभोवाणी-संभाषणाची परीक्षाही द्यावी लागते. हे विषय घरी बसून, दूरध्वनीच्या पडद्यावरूनही शिकविता येतात. ह्यास वैद्यकीय दाखला लागत नाही व विमानही लागत नाही. तसेच ‘सिम्युलेटर’ म्हणून जो यंत्राचा कक्ष असतो, की ज्यात बसल्यावर खऱ्या विमानाचा भास व्हावा, त्यावर शिकविणाऱ्यांचीही गरज असते. वयाची ६५ वर्षे उलटल्यामुळे ज्यांस प्रवासी विमान चालविता येत नाही असे वृद्ध कप्तानही ते काम करताना दिसतात. परवाना जिवंत ठेवणे आणि चार पैसे मिळविणे, ह्या दोहोंचा मेळ ह्या कामात बरा बसतो. तोटा इतकाच, की ही यंत्रे मोठ्या शहरांतच असतात. कोल्हापूरच्या मनुष्यास घर सोडावे लागते.

विमान कंपनीच्या पोटातही अशी कामे असतात, की जी प्रवाशास कधी दिसत नाहीत. उड्डाणापूर्वी वारा, हवामान, इंधन आणि वजन ह्यांचा मेळ घालून मार्ग आखणारा अधिकारी असतो. विमानातील नोंदयंत्रावरून प्रत्येक उड्डाणाची छाननी करून चूक कोठे होत होती हे शोधणारा विभाग असतो. वैमानिकांच्या पाळ्या लावणारे लोक असतात. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयास कंपन्यांची तपासणी करण्यासाठी अनुभवी वैमानिक लागतात, आणि विमान-अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ साली स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आहे. ह्या कामांस वेतन कप्तानापेक्षा कमी. पण ज्ञान गंजत नाही आणि ओळखी तुटत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. ‘विमान चालविता येत नसेल तर विमानतळाच्या मनोऱ्यात बसून वाहतूक नियंत्रित करीन’ असे कित्येक पालकांस वाटते. ती नोकरी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या स्पर्धापरीक्षेने मिळते. तीस भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञानाची, किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि सर्वसाधारण वयोमर्यादा २७ वर्षांची असते. बारावीनंतर सरळ उडावयास गेलेल्या व तिशी गाठलेल्या वैमानिकास ते दार बंदच असते.

मालवाहू विमाने, भाड्याची लहान विमाने आणि रुग्णवाहक विमाने ह्यांचे क्षेत्र प्रवासी वाहतुकीहून निराळ्या गतीने चालते. २०२० मध्ये प्रवासी घरी बसले, तरी औषधे व यंत्रे न्यावी लागतच होती. ‘लाइफलाइन उडान’ ह्या नावाने सरकारने त्याकरिता उड्डाणे चालविली, आणि कित्येक प्रवासी विमानांच्या आसनांवर खोकी बांधून माल नेण्यात आला. म्हणजे सर्व आकाश थांबते असे जे आम्ही वर म्हटले, त्यातही एक फट राहते. मात्र ह्या क्षेत्रात जागा मोजक्या असतात. परदेशी, विशेषतः आखाती देशांत जाणारेही पुष्कळ. परंतु तेथे तेथील परवाना करून घ्यावा लागतो, आणि साथीसारख्या प्रसंगी परदेशी मनुष्यासच प्रथम निरोप मिळतो, हे विसरू नये.

आता जोतिबाच्या डोंगरावरून खाली पाहिले असता जो हिरवा ऊस पसरलेला दिसतो, त्याच्याशी संबंध असलेले एक नवे काम. ऊस पुरुषभर उंच झाला म्हणजे पाठीवर पंप घेऊन त्यात शिरणे किती कठीण असते, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. पाती अंग कापतात, आणि औषधाचा फवारा शिंपणाऱ्याच्याच तोंडावर येतो. आता दहा लिटरच्या टाकीचे ड्रोन, म्हणजे माणूस न बसणारे लहान विमान, वरून फवारणी करते. ऑगस्ट २०२१ मध्ये ह्यासंबंधी नवे नियम आले. ड्रोन चालविण्याचा दाखला मिळविण्यास दहावी उत्तीर्ण असणे व वय १८ ते ६५ च्या दरम्यान असणे पुरते, आणि शिक्षण काही दिवसांचेच असते. वारा, उंची, वजन आणि मनाई असलेले क्षेत्र ह्यांचे ज्ञान असलेल्या वैमानिकास हे काम अर्थातच सोपे जाते. परंतु ज्या कामास दहावी पुरते त्यात वैमानिकाची मक्तेदारी राहणार नाही, हेही उघड आहे. शिवाय ड्रोन चालविण्याचे तास मोठ्या विमानाच्या परवान्याच्या वहीत चढत नाहीत. स्वतःची शेती किंवा गावात पत असलेल्याने चार यंत्रे घेऊन धंदा उभारावा. एकट्याने फवारीत फिरून विमानविद्येचे कर्ज फिटणार नाही.

आकाशाच्या बाहेर वैमानिकाच्या विद्येस किंमत आहे काय? आमच्या मते आहे, पण ती विमान उडविण्याच्या कौशल्यास नसून त्यामागील शिस्तीस आहे. प्रत्येक टप्प्यापूर्वी लेखी यादी मोठ्याने वाचणे. कप्तानाची चूक होत असेल तर कनिष्ठाने ती निर्भयपणे बोलून दाखविणे. थकवा आला असता तसे कबूल करणे: ह्या गोष्टी विमानांतून रुग्णालयांत गेल्या आहेत. अतुल गवंदे हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी वाचावयाची जी यादी तयार केली, तिच्यामागे गवंदे ह्यांचे श्रम होते, आणि ती बनविताना त्यांनी विमाने बांधणाऱ्या बोइंग कंपनीत याद्या कशा लिहितात हे जाऊन पाहिले होते. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मग उजळाईवाडीच्या शेजारी गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, किंवा शिरोलीच्या ओतशाळांत, जेथे वितळलेल्या लोखंडापाशी माणसे राबतात, तेथे अशी शिस्त शिकविणाऱ्यास काम का नसावे? मात्र कायद्याने नेमावयाच्या सुरक्षा-अधिकाऱ्यास त्या विषयाची वेगळी पदविका लागते. वैमानिकाचा परवाना तेथे चालत नाही. व्याख्याने देणारा सल्लागार होणे एक, आणि अधिकारपदावर बसणे दुसरे.

थांबलेल्या वैमानिकांनी काही नवे उभारल्याचा दाखला आपल्या विमानविद्येच्या आरंभीच सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर लढाऊ वैमानिकांस काम उरले नाही, तेव्हा त्यांपैकी कित्येक गावोगाव विमान घेऊन फिरत, कसरती करून दाखवीत आणि पैसे घेऊन लोकांस आकाशात फिरवून आणीत. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाईदलातून बाहेर पडलेला मनुष्य अशाच धंद्यासाठी १९२९ च्या सुमारास हिंदुस्थानात आला. येथे टपाल विमानाने नेण्याची कल्पना त्याने टाटांपुढे मांडिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल घेऊन आले, आणि पुढे तेच टपाल मद्रासकडे घेऊन जाणारा वैमानिक व्हिन्सेंटच होता. त्या सेवेतूनच पुढे एअर इंडिया झाली.

दुसरे उदाहरण आपल्याच काळातील व आपल्याच भाषेतील. कॅप्टन अमोल यादव हे जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. त्यांनी मुंबईत, कांदिवली भागातील चारकोप येथे आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधिले. २०१६ साली ते मुंबईतील उद्योगप्रदर्शनात मांडण्यात आले व २०१७ साली त्याची नोंदणी झाली. एप्रिल २०१९ मध्ये जेटची उड्डाणे थांबली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यादवांच्या विमानास चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० साली, साथीच्या ऐन दिवसांत, धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. हे प्रत्येकास साधेल असे आम्ही म्हणत नाही. ह्यात कुटुंबाचा पैसा व कित्येक वर्षे खर्ची पडली. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की गच्चीवरील काम नोकरी असतानाच चालले होते. रजा पडल्यावर ते सुरू झाले नाही.

पैशाचा विचार आम्ही शेवटाकडे ठेविला, पण घरोघरी तोच पहिला असतो. वैमानिक होण्याचा खर्च, विमानाच्या जातीचे शिक्षण धरून, हल्ली अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. पन्हाळा किंवा करवीर तालुक्यातील कुटुंबाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ बहुधा जमीन गहाण, असा होतो. उड्डाण थांबले तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, परंतु त्या काळाचे व्याज चढतच होते. परवान्याचा विमाही वैमानिक उतरवितात. तो विमा प्रकृतीच्या कारणाने परवाना गेला तर उपयोगी पडतो. कंपनी बुडाल्याने किंवा रजेवर पाठविल्याने झालेले नुकसान तो भरून देत नाही, ही गोष्ट पुष्कळांस संकटात सापडल्यावरच कळते. म्हणून निदान एक वर्षाचे हप्ते आणि एका कसोटीचा खर्च बाजूस ठेविल्यावाचून नव्या वैमानिकाने मोटार घेऊ नये. आमचे हे बोलणे तरुणांस जुनाट वाटेल, वाटो.

बिनपगारी रजेवर असलेला मनुष्य कायद्याने अजून नोकरच असतो, हेही विसरता कामा नये. दुसरे काम धरण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घ्यावी. नोकरी सोडावयाची झाली तर २०१७ च्या नियमाप्रमाणे कप्तानास एक वर्षाची व सहवैमानिकास सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. कंपनीने ती मुदत माफ केली तर तसे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबून दुसरीकडे रुजू होणाऱ्यास मागाहून त्रास होतो.

आणि ज्या मुलांस पुढे ह्या धंद्यात जावयाचे आहे, त्यांच्या पालकांस आमची विनंती आहे, की पदवीचा प्रश्न ‘पुढे पाहू’ म्हणून सोडू नये. बारावीनंतर सरळ उडावयास जाता येते, हे खरे. पण वर सांगितलेल्या कामांपैकी कित्येकांची दारे पदवीवाचून उघडत नाहीत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरी करीत असतानाही पदवीचा अभ्यासक्रम पुरा करू देते. चोविसाव्या वर्षी हातात परवाना व पदवी दोन्ही असलेला मुलगा किंवा मुलगी, आणि केवळ परवाना असलेला त्यांचा सोबती, ह्यांत चांगल्या दिवसांत काहीच भेद दिसत नाही. वाईट दिवस मात्र ह्या धंद्यात दर काही वर्षांनी येतात: २०१२, २०१९, २०२०, २०२३. आणि ते जितक्या वेगाने येतात तितक्याच वेगाने उलटतातही. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांस पुरतील इतके वैमानिक हाताशी नसल्यामुळे इंडिगोस हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. पाच वर्षांपूर्वी त्याच कंपनीने वैमानिकांस महिन्यातील काही दिवस बिनपगारी घरी बसविले होते. त्या पाच वर्षांत ज्यांनी कसोट्या व तपासण्या चालू ठेविल्या, त्यांस परत खुर्चीवर बसण्यास फार वेळ लागला नाही.

वैद्यकीय तपासणीविषयी एक सूचना राहिली. कित्येक पालक प्रथम संस्थेची फी भरतात आणि तपासणी मागाहून करवितात. क्रम उलटा हवा. रंग ओळखण्यातील दोष किंवा कानाचा दोष घरी कोणाच्या लक्षातही आलेला नसतो, आणि तो पैसे भरल्यावर उघड होतो. महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांची यादी प्रसिद्ध असते. आधी दुसऱ्या वर्गाची तपासणी, मग पहिल्या वर्गाची, आणि दोन्ही दाखले हाती आल्यावर बँकेच्या पायऱ्या, असा क्रम ठेवावा. बिनपगारी रजेवर घरी आलेल्या वैमानिकानेही भिंतीवरील दिनदर्शिकेत सर्वांत आधी आपल्या पुढील तपासणीच्या तारखेवर खूण करावी. कारण परत बोलावण्याचा निरोप आला आणि त्या दिवशी दाखल्याची मुदत संपलेली निघाली, तर यादीतील पुढचा मनुष्य तयारच असतो.